बोटी चारशे बारा

आमच्या गावच्या टेकाडाला पूर्वेची बाजू नाही.
चर्च आहे, अठरा घरं आहेत,
आणि मग एकदम सरळ कापलेली कड,
कुणी पाव कापता कापता
सुरी तशीच ठेवून उठून गेल्यासारखी.

समुद्र जेव्हा न विचारता अंगणात यायचा
तेव्हा माणसांनी शेण, राख, गवत, हाडं, फुटकी मडकी
पायाखाली घालत घालत हे उंच केलं.
पाचशे वर्षं. वीत वीत.
पुढे बांध आले, समुद्र बाहेर राहिला
आणि कुणाच्या तरी ध्यानात आलं
की आपण खतावर बसलो आहोत.

हिशेबाची वही मंडळाकडे आहे. कपाट दोन, खण तिसरा.
"१८९१. बोटी चारशे बारा. रक्कम पोचली."
खाली सही, विब्रेन सायत्स्मा.
आमचे अध्यक्ष हिल्के सायत्स्मा त्याचे पणतू.
ते पान उघडलं की ते चष्मा पुसतात,
स्वच्छ असला तरी.

मंडळ म्हणजे आम्ही नऊ जण,
मंगळवारी साडेसातला, जुन्या शाळेच्या शिवणाच्या वर्गात.
येल्तसे दूधसंघातून निवृत्त झाला,
आता दात घासायच्या ब्रशने खापऱ्या घासतो.
शूक्ये त्यांवर बारीक क्रमांक घालते
आणि शाई पुसू नये म्हणून वरून नखांचं बिनरंगी पॉलिश.
मी इतिवृत्त लिहिते. कॉफीचे पैसेही मीच गोळा करते,
ते पुरत नाहीत.

यंदा नोव्हेंबरात आम्ही वाळूच्या मुलखात गेलो,
बोटी जिथे गेल्या होत्या तिथे.
बटाटे निघालेले, पाऊस नुकता पडून गेलेला.
पिवळ्या वाळूवर काळी साय,
ती आमची.
इथली पांढरी उचलून तिथे काळीवर पसरली,
गाव नांगराखाली घातलं, आणि पीक छान आलं.
दोन दोन मीटरवर ओळीने चाललो, माना खाली,
जसं काही नऊ जणांचं मिळून एकच नाणं हरवलंय.
अकरा खापऱ्या. मागाच्या वजनाचा एक तुकडा.
येल्तसेला सापडलेलं हाड निघालं कालपरवाच्या कोंबडीचं.

मग शेताची मालकीण आली, रूल्फ्ये,
बगलेत बिस्किटांचा डबा.
तिच्या सासूने चाळीस वर्षं वेचलेलं:
एक निळा मणी, सुई,
आणि हाडाची फणी, अर्धी, दात सात.
हिल्केंनी हात पुढे केला.
"ही आमच्या गावची आहे."
"असेल," ती म्हणाली, "पण माती विकत घेतली होती."
आत जाऊन पावती घेऊन आली.
घडीवर फाटलेली. सही तीच,
'य'ची शेपटीसुद्धा तशीच, उजवीकडे ओढलेली.

बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग तिनेच विचारलं, चित्र काढायचंय का.
शूक्येने स्वयंपाकघराच्या टेबलावर फणी काढली,
आधी सात दात, मग पडलेल्यांच्या जागा, ठिपक्यांनी.
रूल्फ्ये बटाटे सोलत बघत राहिली.
म्हणाली, सासू म्हणायची, हिने एखाद्या मुलीच्या उवा काढल्या असतील.
हसलो.
वेचलेल्या अकरा खापऱ्या आणि तो तुकडा
डब्यात ठेवून निघालो. माती तिची होती.

परत आलो तेव्हा अंधार पडला होता.
हिल्के घरी गेले नाहीत.
कापलेल्या कडेपाशी गाडी थांबवून उतरले,
आणि एका पायावर तोल सांभाळत
बुटांचा तळ काठीने खरवडत राहिले,
आधी डावा, मग उजवा,
खाचांतला चिखलसुद्धा.

मी गाडीत दिव्याखाली लिहीत होते:
पेट्रोल, चौतीस युरो. आणलेल्या वस्तू, नाहीत.
चित्र, एक.
चिखलाचा रकाना आमच्या वहीत नाही.